पोटुशी हत्तीण आणि वर्षाचं अनुदान

नमस्कार श्रोतेहो.

हत्तीण २२ महिने पोटुशी असते. पुन्हा सांगते, २२ महिने. आणि हत्तींवरच्या कामाला पैसे मिळतात ते कित्येकदा बारा महिन्यांच्या मुदतीने. पिल्लू अजून पोटातच, आणि इकडे हिशेबाची वही मिटायची वेळ येते. आज बोलायचंय ते या पैशाबद्दल. पण आधी एक गोष्ट सांगू द्या, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

साल १९८४. केटी पेन नावाच्या संशोधक बाई, देवमाशांच्या गाण्यांचा अभ्यास केलेल्या. अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात त्या आठवडाभर हत्तींजवळ नुसत्या बसून राहिल्या. अधूनमधून हवा थरथरल्यासारखी वाटायची. कानाला नाही हं, अंगाला. आठवडा संपला, बाई विमानाने घरी निघाल्या, आणि वाटेत त्यांना लहानपण आठवलं. प्रार्थनामंदिरात समूहगान चालायचं तेव्हा त्या ऑर्गनच्या सगळ्यात मोठ्या नळीशेजारी उभ्या असत. स्वर खाली खाली उतरला की ऐकू येणं थांबायचं, नुसती थरथर उरायची. तीच ही थरथर!

काही महिन्यांनी साथीदारांना घेऊन, ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन त्या परत आल्या. मग फीत वेग वाढवून लावली. जिथे माणसाला शांतता वाटली होती, तिथे बोलणं चाललं होतं! भिंतीच्या अल्याड हत्तीण, पल्याड हत्ती, आणि दोघांचा संवाद. सेकंदाला साधारण २० कंपनांच्या खाली आपला कान बहिरा. हत्तींचे हे हुंकार त्याच्याही खाली उतरतात. मुलांना गाणं शिकवताना पहिले काही दिवस नुसतं ऐकायला बसवावं, असं माझं ठाम मत आहे. गळा नंतर. असो.

आता सांगा, त्या आठवड्यासाठी अनुदान मागायचं तर अर्जात काय लिहिणार? 'हत्तींजवळ बसणे'? पण त्याच बसण्यातून पुढे मध्य आफ्रिकेच्या दाट जंगलात झाडांवर आवाज टिपणारी यंत्रं लागली. तिथले हत्ती विमानातून दिसत नाहीत, पण ऐकू येतात. आवाजावरून त्यांची संख्या अजमावतात, आणि चोरट्या शिकाऱ्याच्या बंदुकीचा बारही त्याच यंत्रात सापडतो. संशोधनाचा पैसा वेगळा, रक्षणाचा वेगळा, असं कुठे राहतं मग?

केनियात अंबोसेलीला १९७२ पासून एकेक हत्ती ओळखून नोंद ठेवतात. म्हणून २००१ साली दाखवता आलं की ज्या कळपाची म्होरकी वयस्क, तो कळप परक्या हत्तींचा आवाज जास्त अचूक ओळखतो. हे वर्षभरात कळत नाही. वर्षभरात नाहीच कळत. शिकवण्याचंही तसंच. शेताभोवती मधमाश्यांच्या पेट्या तारेने जोडून टांगल्या की तार हलताच माश्या उठतात आणि हत्ती मागे फिरतो. पण पेट्या राखायला शिकवणारं माणूस हंगामामागून हंगाम तिथे लागतं.

चुकलेल्या पिल्लाचा फोटो बघून आपला हात सैल सुटतो. सुटू दे, त्यालाही दूध लागतं. पण प्रकल्पाच्या हिशेबात 'पगार' दिसला म्हणून नाक मुरडू नका. झाडावरच्या यंत्राची बॅटरी दर काही महिन्यांनी बदलावी लागते. कुणीतरी चिखल तुडवत जातं, झाडावर चढतं, आवाज साठलेलं कार्ड काढून नवं घालतं, उतरतं, आणि पुढच्या झाडाकडे चालू लागतं.