तीन गोलांचा जादा गुण

श्रोतेहो, नमस्कार. सिडको, पंचवटी, कॉलेज रोड असे नाशिकभर विखुरलेले आम्ही दहा जण. रात्री जेवणं उरकली की ऑनलाइन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची लीग खेळतो. खेळतो कमी, नियमांवरून भांडतो जास्त.

गेल्या मोसमात ठिणगी पडली ती बॅकपासवरून, म्हणजे चेंडू आपल्याच मागच्या खेळाडूकडे देत राहण्यावरून. एक-शून्यने पुढे असलेल्या पोराने शेवटची वीस मिनिटं चेंडू नुसता बचावफळीत फिरवला. वीस म्हणजे स्क्रीनवरची हो. सहा-सहा मिनिटांच्या हाफमध्ये नव्वद मिनिटं कोंबलेली असतात, त्यामुळे आपली जेमतेम तीन. पण समोरच्याला ती तीन तासांची वाटली. वर याचं म्हणणं, "टीव्हीवर मोठे क्लब हेच करतात. खरा फुटबॉल असाच असतो!"

खरा फुटबॉल तरी कुठे होता तसा राहिला? 1990 च्या इटलीतल्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी 2.21 गोल झाले. इतका नीचांक त्याआधी कधी नव्हता. आघाडी घ्यायची, मागे पास द्यायचा आणि गोलरक्षकाने चेंडू कवटाळायचा. बघणारे वैतागले. मग 1992 मध्ये नियमच आला, की सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. इंग्लंडच्या लीगने तर 1981 मध्येच विजयाचे गुण दोनावरून तीन केले होते, संघांनी बरोबरीवर समाधान मानू नये म्हणून. आमचा पोरगा ज्याची नक्कल करत होता, त्या खेळाने स्वतःच रंगत यावी म्हणून नियम वाकवलेत.

आम्ही आधी पास मोजायचं ठरवलं. दहा झाले की चेंडू पुढे न्यायचा. मोजण्यावरूनच दोन रात्री भांडणात गेल्या. शेवटी एकच केलं: तीन गोल करेल त्याला एक जादा गुण, हरला तरी. टीव्हीवर असं काही दिसत नाही, पण तोच पोरगा आता दोन-शून्यने पुढे असतानाही हल्ला चढवतो. गेमच्या सेटिंगमध्ये खेळाडूंचा थकवा आणि दुखापती मात्र आम्ही चालू ठेवल्यात. त्याशिवाय राखीव खेळाडूंना कोण विचारतो?

राहिला प्रश्न लाइटचा. हरायला आलं की काहींची लाइट हमखास जाते. परवा एकाची अशीच गेली, तर त्याच्याच सोसायटीतल्या दुसऱ्याने ग्रुपवर गरगर फिरणाऱ्या पंख्याचा व्हिडिओ टाकला. उरलेली मिनिटं त्याच स्कोअरपासून खेळायची, असा निकाल मी दिलाय. त्यावर त्याचा अंगठासुद्धा आलेला नाही, आणि शनिवारी त्याची गाठ माझ्याशीच आहे.