बहात्तरचं मस्टर

श्रोतेहो, नमस्कार.

१९७२च्या दुष्काळातली लाल मिलो, सुकडी, गुरांच्या छावण्या, पोटासाठी मुंबई-पुण्याकडे निघालेली बिऱ्हाडं, हे सगळं तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. मिलोबद्दल मी एवढंच म्हणेन, की ती भाकरी थापतानाच चिरायची. मला बोलायचंय ते मस्टरबद्दल, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटाबद्दल. मराठवाड्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर मी तेव्हा मस्टर कारकून होतो. नुकताच मॅट्रिक झालो होतो, अक्षर बरं होतं, एवढीच माझी लायकी.

आधीची दोन वर्षंही पावसानं ओढ दिलीच होती. बहात्तरला खरीप गेला आणि रब्बीची पेरणीही बहुतेकांची झालीच नाही. मग सरकारनं रस्ते, नाला बंडिंग, तलाव, खडी फोडणं अशी कामं काढली. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आमच्या कामावर निम्म्याहून जास्त बायकाच.

पहिला पेच पडला तो नावाचा. मस्टरवर पूर्ण नाव लागतं, आणि बाई काही नवऱ्याचं नाव घेईना. तोंडाला पदर लावून नुसती उभी. मग मागची म्हणायची, "लिवा की मास्तर, देवळात शेंदूर लावत्यात ना, त्याचंच नाव हाय तिच्या मालकाचं." मी मारुती लिहायचो. मागचीची पाळी आली की पुढची तिची अडचण भागवायची. रांग हसायची, आणि त्या दिवसांत हसू फार महाग होतं.

तिच्या स्वतःच्या नावाची कथा आणखी निराळी. सासरी तिला कोण नावानं हाक मारणार? बार्शीवाली, परंड्याची, नाहीतर अमक्याची आई. पगाराच्या दिवशी मुकादम मस्टरवरचं नाव खणखणीत आवाजात पुकारायचा आणि ती बाई जागची हलायची नाही. दोनदा, तीनदा पुकारा झाला की शेजारीण तिला ढोसायची, "अगं, तूच की ती!" मग ती यायची, आंगठा उठवायची, नोटा मोजून घ्यायची. मोजता येत नसल्या तरी मोजायची.

मजुरी खड्ड्याच्या मापावर. मोजणीसाठी खड्ड्यात मधे मातीचा खुंट राखलेला असे. ओव्हरसियर त्यावरून खोली धरायचा. त्या मापाला बाई-पुरुष कळत नव्हतं. शेतावर बाईला कायम कमी मजुरी, इथं मात्र दर एकच. ज्यांच्या घरची पंधरा-वीस एकर कोरडवाहू होती, त्या घरांतल्या सुनाही आल्या. सुरुवातीला डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून, मग पाटी उचलायची म्हणून तो कमरेला खोचून. नवरे बाभळीखाली वाट बघत बसलेले असत. काहींनी टेबलापासून दहा पावलांवर पैसे काढून घेतलेले मी पाहिले. काही बायकांनी कमरेच्या पिशवीचा बंद सोडला नाही, तेही पाहिलं.

दुष्काळानं जात मोडली असं भाषणांतून सांगतात. मी पाहिलं ते तेवढं नव्हतं. खड्ड्यात टोळ्या मिसळल्या, कारण हात कमी पडले की कुणाचीही पाटी चालायची. पाण्याच्या रांजणापाशी मात्र काहींच्या ओंजळीत वरूनच पाणी पडायचं. माझ्या वहीत कुणाचीही जात नव्हती, पण रांजणाला वही कुठली?

पुढं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. तो कशासाठी कापला जातो हे बऱ्याच पगारदारांना ठाऊकच नसे. त्या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, काम मागण्याचा हक्क गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला होता. घराला नव्हे, माणसाला. सुनेला वेगळा, सासूला वेगळा. २००५चा केंद्राचा कायदा देशभर पोचला हे चांगलंच झालं, पण त्यात वर्षाच्या १०० दिवसांची हमी दिली गेली ती कुटुंबाला. म्हणजे कामावर कोण जाणार आणि किती दिवस, हे ठरणार पुन्हा घरात. मला तो बदल पटलेला नाही.

नमस्कार.