उभं कुठं राहायचं?

(ठाण्यातल्या एका छायाचित्रण मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'वाळवंटात लढाऊ विमानं टिपण्यासाठी जागा कशी शोधावी'. तिथं येतोच, पण आधी एक तक्रार मांडू द्या. या छंदाबद्दल कुणाशीही बोला, पहिला प्रश्न ठरलेला: लेन्स कुठली? ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जमलेल्यांतही हीच चर्चा. पाचशे, सहाशे मिलिमीटरची, त्यावर लेन्सची पोहोच वाढवणारा कन्व्हर्टर. ते विमान तिथूनच का जातं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. वैमानिकाची गरज कळली की आपली जागा कळते. ठाणे स्टेशनात रोजचा प्रवासी फलाटावर कुठंही उभा राहतो का? डबा कुठं थांबणार हे त्याला पाठ असतं आणि तो तिथंच उभा असतो. (हशा) हसलात म्हणजे सगळे लोकलवाले आहात, बरं झालं.

आता माझ्या आवडीच्या जागेबद्दल बोलतो. वेळ जाईल, पण जाऊ द्या. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत फादर क्राउली पॉइंटजवळ रेनबो कॅनियन नावाची घळ आहे. तिच्या काठावर बसलं की लढाऊ विमान तुमच्या पायाखालून जायचं. पायाखालून! आपण आयुष्यभर विमानाचं पोट बघतो. तिथं पाठ दिसायची, पंखांवरचे रंग दिसायचे, काचेखाली वैमानिकाचं हेल्मेट दिसायचं. वेल्समधला मॅक लूप सोडला तर अशी दुसरी जागा मला पटकन सांगता येणार नाही. आणि विमानं त्या घळीत शिरायची ती काही आपल्या फोटोसाठी नव्हे. रडारची नजर सरळ रेषेत जाते, डोंगराआडचं तिला दिसत नाही. शत्रूच्या रडारपासून लपायचं तर दरीच्या पोटातून, जमिनीला धरून उडता आलं पाहिजे, आणि त्याचा सराव अशाच ठिकाणी होतो. घळ पुढं पॅनामिंट खोऱ्यात उघडते, आसपास लष्कराचे मोठे तळ आहेत. नकाशा समोर ठेवून हा विचार केला असता तर घरबसल्या त्या घळीवर बोट ठेवता आलं असतं.

हे सगळं मी 'असायचं, दिसायचं' असं सांगतोय, त्याला कारण आहे. ३१ जुलै २०१९ रोजी नौदलाच्या लेमूर तळावरचं एक सुपर हॉर्नेट लढाऊ विमान त्याच घळीच्या भिंतीवर आदळलं. वैमानिक गेला. काठावरचे सात पर्यटक जखमी झाले. त्यानंतर विमानांना काठाच्या वर किमान १५०० फूट राहण्याचं बंधन आलं आणि ती जागा आपल्यापुरती संपली. याचं मला वाईट वाटत नाही. विमान समोरून झेपावत गेलं की आपण ज्याला 'सुंदर पास' म्हणतो, त्यात एक माणूस काही सेकंदांच्या अंतरावर खडक ठेवून उडत असतो. फोटो बघताना तो माणूस विसरला जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

दुसरी जागा नेवाडातली. लास व्हेगासजवळच्या नेलिस तळावर १९७५ पासून 'रेड फ्लॅग' हा हवाई युद्धाचा सराव होतो. २००८ मध्ये आपली सुखोई-३० विमानंही तिथं गेली होती. तळाच्या उत्तरेला प्रचंड सरावक्षेत्र आहे आणि त्याच्या कडेनं ३७५ क्रमांकाचा सार्वजनिक रस्ता जातो. रेचेल गावाच्या अलीकडं त्यावर कोयोटी समिट नावाची खिंड लागते. खिंडीत खडी, गुडघाभर करडी झुडपं आणि वारा. मी तिथं तिवई मांडली आणि मिटवून ठेवली, कारण वाऱ्यात ती थरथरत होती. विमान कड्यावरून येतं तेव्हा आधी आवाज येत नाही. ठिपका दिसतो, तो कुशीवर वळतो, पाठ चमकते, आणि मग आवाज छातीत घुसतो. कुशीवर का वळतो? सरळ वर चढून कडा ओलांडला तर विमान पलीकडं हवेत उंच फेकलं जातं आणि रडारला दिसतं. म्हणून कड्यावर विमान आडवं करून नाक खाली ओढतात. आपल्याला हवा तो क्षण नेमका तोच, आणि तो कड्यावरच मिळतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

हद्दीचं आधी. पुष्कळ जण विचारतात की नेवाडाला कशाला जायचं, पोखरण आहे ना, जोधपूर आहे ना? नाही. तिथल्या लष्करी हद्दीजवळ लेन्स काढायची नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे. येऊरच्या डोंगरावर हवाई दलाचं ठाणं आहे, तिथले फलक आपण सगळ्यांनी वाचलेत. आपल्याकडं रीतसर निमंत्रण मिळालं तर हवाई दलाचं पोखरणचं प्रात्यक्षिक 'वायुशक्ती', नाहीतर बंगळुरूचं विमान प्रदर्शन एरो इंडिया. तिकडं अमेरिकेतही सार्वजनिक रस्ता सोडायचा नाही.

आता जागा शोधणं, भराभर सांगतो. विमानवाहतुकीचा नकाशा घ्या. सरावक्षेत्राच्या सीमा त्यावर आखलेल्या असतात. त्याच्या कडेचा सार्वजनिक रस्ता शोधा, मग त्या रस्त्यावरची खिंड किंवा कडा. सराव कधी सुरू होणार हे तळ बहुधा आवाजाच्या सूचनेसाठी शेजाऱ्यांना आधी कळवतो, ते वाचा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, म्हणून पाठ पश्चिमेला ठेवून पूर्वेकडून येणारी विमानं घ्या, नाकावर उजेड पडतो.

उन्हाची थरथर लेन्स कितीही महाग असली तरी जात नाही. नेवाडातल्याच टिकाबू शिखरावरून ग्रूम लेकचा तळ, म्हणजे प्रसिद्ध 'एरिया ५१', सुमारे ४२ किलोमीटरवर दिसतो, पण सकाळ सरली की प्रतिमा पाण्यासारखी हलते. म्हणून लवकर पोहोचा, उंचावर उभे राहा, आणि विमानाजवळ जाणं जमत नसेल तर विमान जवळ येईल अशी जागा निवडा.

पेट्रोलची टाकी भरूनच ३७५ वर चढा, पाणी माणशी जास्तीचं ठेवा, रात्री त्या रस्त्यावर गुरं मोकळी फिरतात. जेटला शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, हेलिकॉप्टरला १/२०० च्या आसपास, म्हणजे पाती फिरताना दिसतील. मी खुणा केलेले नकाशे बाहेरच्या टेबलावर ठेवलेत, बघून जा.