पाण्याचा ताळेबंद : हिवरे बाजारची ग्रामसभा

[दृश्य : पर्जन्यमापक, अगदी जवळून. रात्रभर पडून गेलेल्या पावसाची ओल.]

निवेदन : सकाळचे साडेआठ. पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतलं जातंय. माप डोळ्यांच्या रेषेत धरायचं, वरून बघितलं की आकडा चुकतो. काचेला चिकटून पाणी कडेनं जरासं वर चढतं, म्हणून वाचायची ती मधली खोलगट पातळी. आकडा वहीत जातो, शेजारी तारीख.

पाऊस मोजायचं काम तसं हवामान खात्याचं. पण हिवरे बाजारात तो गाव मोजतं, गावासाठी मोजतं.

[दृश्य : डोंगरावरून दिसणारं पूर्ण शिवार.]

निवेदन : अहिल्यानगर जिल्हा, नगर तालुका. सह्याद्री ओलांडून ढग इथवर येतात तोवर बरेचसे रिते झालेले असतात. चांगल्या वर्षी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. शिवार सुमारे ९७६ हेक्टर.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हेक्टरवर दहा हजार लिटर. या सगळ्या शिवारावर एक मिलिमीटर पडला, की ९७ लाख ६० हजार लिटर. चारशे मिलिमीटर पडला, तर ३९० कोटी लिटर. दुष्काळी म्हणून ज्याची ओळख, त्या गावावर आभाळातून एवढं पाणी पडतं. त्यातलं काही उन्हानं उडून जातं, काही मातीत ओल धरून राहतं, काही ओढ्यानं शिवाराबाहेर पडतं. उरलेलं मुरतं. गावाला हात घालता येतो तो या शेवटच्या दोन गोष्टींत : वाहणारं अडवायचं आणि मुरलेलं जपून काढायचं.

[दृश्य : डोंगरउतारावरचे सलग समतल चर. चरात साठलेलं पाणी, बांधावर गवत.]

निवेदन : हे सलग समतल चर. उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले. निघालेली माती खालच्या बाजूला रचायची, तिच्यावर झाड लावायचं. वरून धावत येणारं पाणी चरात थबकतं, गढूळपणा खाली बसतो आणि पाणी हळूहळू जमिनीत उतरतं. एका चरानं काही होत नाही. म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत हजारो चर, त्यांच्याखाली ओढ्यांवर माती नालाबांध, आणि त्याखाली पाझर तलाव. पैसा रोजगार हमीचा, आदर्श गाव योजनेचा, हात गावाचे.

हाच डोंगर एके काळी बोडका होता. १९७२ च्या दुष्काळानं गाव मोडलं. माणसं पोटासाठी बाहेर पडली, मागे दारूच्या भट्ट्या राहिल्या. १९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. शिक्षण एम. कॉम., गावात तेवढं शिकलेलं कुणी नव्हतं. सुरुवात शाळेपासून झाली, मग डोंगर. गावानं पाच गोष्टी स्वीकारल्या : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. चराईबंदी सगळ्यात जड. शेळ्यांवर ज्यांचं घर चालायचं, त्यांनी ती पाळली म्हणून हे गवत दिसतंय. आजही जनावर डोंगरावर सोडत नाहीत, गवत विळ्यानं कापून भारा घरी आणायचा.

[दृश्य : ग्रामसभा. फळ्यावर खडूनं लिहिले जाणारे आकडे.]

निवेदन : इथं जरा थांबूया, कारण या गावाचं पीक या फळ्यावर ठरतं.

पावसाळा सरत आलाय. पर्जन्यमापकाची वही आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी सभेपुढे येतात. हिशोबाची रीत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीनं बसवलेली. आधी माणसांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. मग जनावरांचं, घरवापराचं. उरेल त्यातलं सत्तर टक्के शेतीला. तीस टक्के जमिनीतच ठेवायचं, पुढच्या वर्षाच्या भरवशावर.

आता पिकं. गहू किती, कांदा किती, ज्वारी-हरभरा किती, चारा किती. पाऊस कमी पडला असेल तर भिजवणीची पिकं कमी होतात आणि उन्हाळी पीक घ्यायचं नाही, असं सभाच सांगते. ऊस आणि केळी इथं नाहीतच. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, पाणी काढायचं ते विहिरीतून.

शेत माझं, विहीर माझी, मग कोणतं पीक घ्यायचं ते गाव का सांगणार, हा प्रश्न कोणत्याही गावात निघेल. कायदाही बराच काळ त्याच्याच बाजूनं राहिला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, असंच धरत आले. पण महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. पाणी राहतं ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. त्या भेगा सातबारा बघून थांबत नाहीत. एकानं खोल बोअर मारलं की शेजारच्या विहिरीचा तळ उघडा पडतो. ते पाणी सगळ्यांचं आहे, त्यावर बोलायचा हक्क सगळ्यांना हवा, आणि तो हक्क ग्रामसभेत बजावता येतो. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. हे गाव त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःच्या ठरावांवर चालत आलंय.

ठराव टिकतो तो आकड्यामुळे. सरपंच सांगतात म्हणून कुणी ऊस सोडत नसतो. वहीतला पाऊस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोजलेला असतो, विहिरीची पातळी ज्याची त्यानं पाहिलेली असते, म्हणून वाद थांबतो. पाण्याच्या हिशोबाचे रंगवलेले फलक आता बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दिसतात. रब्बीच्या पेरणीआधी त्या फलकासमोर सभा बसली पाहिजे. पेरणी उरकल्यावर लिहिलेल्या आकड्याचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही.

[दृश्य : दूध संकलन. किटल्या, वजनकाटा. निवेदन थोडक्यात, चित्र चालू ठेवावं.]

निवेदन : १९९५ साली गावातली १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, ती संख्या पुढे बोटांवर मोजण्याइतकी झाली. दिवसाचं दूध दीडशे लिटरवरून चार हजार लिटरच्या घरात गेलं. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

[दृश्य : परतलेल्या घराचं दार, अंगण. दहा सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य : विहीर. काठावर उभा शेतकरी, हातात वजन बांधलेली फीत.]

निवेदन : उन्हाळ्याची सुरुवात. फितीच्या टोकाला वजन बांधलंय. ती सावकाश खाली सोडायची. वजन पाण्याला टेकलं की हात हलका होतो, तिथंच चिमटीत धरायची. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर त्याच वहीत लिहिलं जातं, पावसाच्या आकड्यांच्या पुढच्या पानावर.

[दृश्य : वहीचं पान. फीत गुंडाळली जाते. पुढच्या विहिरीकडे जाणारी पायवाट.]