कोरड्या खळग्यातली वस्ती

हा खळगा नीट बघा. तळाला भेगा, कडेला वाळकं गवत. पाणी आटून कित्येक महिने झालेत.

आता भेगेतली चिमूटभर माती भिंगाखाली धरू. हे गोल, तपकिरी दाणे दिसले? वाळूच्या कणाएवढेच. ही अंडी आहेत, पावसाळी डबक्यात जगणाऱ्या, कोळंबीच्या नात्यातल्या इवल्या जीवांची. जाड कवचाच्या आत भ्रूण वाढता वाढता थांबलाय. ऊन, थंडी, दुष्काळ सोसत काही जातींची अंडी कित्येक दशकं अशी तग धरतात.

पाऊस पडतो. नवं पाणी, क्षार कमी, वर उजेड. एक-दोन दिवसांत ठिपके हलू लागतात.

ही फेअरी श्रिम्प. उताणी पोहते. पायांच्या अकरा जोड्या लाटेसारख्या हलतात, पोहणं आणि खाणं त्यांच्यावरच. अंगाला कवच नाही, पळायला वेग नाही. मासा आला की संपलीच. म्हणून जिथे मासा टिकत नाही, तिथेच हिचं बस्तान. शेजारी दोन शिंपांत मिटलेली क्लॅम श्रिम्प. तळाशी ढालीखालून चिखल उकरतोय तो ट्रायोप्स. नावाचा अर्थच ‘तीन डोळे’. भूक लागली की सख्ख्या भावंडांनाही सोडत नाही! मधे डॅफ्निया, कोपेपॉड, ऑस्ट्रॅकॉड या त्याच गोतातल्या आणखी इवल्या जीवांची बारीक गर्दी.

घाई सगळ्यांनाच. पाणी आटायच्या आत अंडी घालायची. मात्र पहिल्या पावसात सगळी अंडी फुटत नाहीत. जाणता शेतकरी घरातलं सगळं बियाणं एकदम पेरत नाही, तसंच. पावसानं दडी मारली, एक पिढी बुडाली, तरी मातीत साठा शिल्लक असतो.

नांगर, भराव, कीटकनाशकं हे शत्रू ओळखू येतात. फसवं असतं ते सत्कार्य. खळगा खोल करून पाणी बारमाही केलं, डासांच्या बंदोबस्तासाठी मासे सोडले, की गाळाबरोबर अंड्यांचा साठा गेला आणि उरलेली पिल्लं माशांच्या पोटात. आपल्या डोळ्यांना मात्र तळं सुधारलेलं दिसतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अशा डबक्यांमधल्या काही जातींना 1994 साली कायद्याचं संरक्षण मिळालं. युरोपीय संघाच्या 1992च्या अधिवास निर्देशात, म्हणजे निसर्गरक्षणाच्या कायद्यात, भूमध्य प्रदेशातल्या हंगामी डबक्यांच्या संरक्षणाला अग्रक्रम आहे.

खळग्यात कोण राहतं हे तो कोरडा असतानाही शोधता येतं. थोडी माती ट्रेमध्ये पसरायची, वर स्वच्छ पाणी ओतायचं, दिवा लावायचा आणि वाट बघायची.

दुसरी सकाळ. ट्रेच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.