पाण्यात गाणं ऐकायचंय? मग आधी हे बघा

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरात एप्रिल लागला की सगळ्यांना पाणी आठवतं, आणि मग एलएनआयपीई या इथल्या शारीरिक शिक्षण संस्थेचा तरणताल असो की कुठल्या क्लबचा, काठावर मला एकच प्रश्न येतो, ताई पोहताना गाणी ऐकायला काय घेऊ. म्हणजे प्रश्न येतो खरा, पण बहुतेकांनी आधीच काहीतरी घेतलेलं असतं, बाड्यावरच्या, म्हणजे इथल्या मुख्य बाजारातल्या, दुकानातून नाहीतर ऑनलाइन, डब्यावर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलेलं, आणि पाण्यात उतरल्यावर आवाज येत नाही म्हणून ते माझ्याकडे आलेले असतात. म्हणून आज सुरुवातीलाच सांगते. वस्तू पाण्यात खराब न होणं ही एक गोष्ट आणि त्या वस्तूतून पाण्यात ऐकू येणं ही दुसरी गोष्ट. दुकानदार पहिलीची हमी देतो, आपल्याला हवी असते दुसरी.

इथे टेबलावर ही बादली ठेवलीय ती याचसाठी. हा छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे, पाण्यात बुडवला तरी चालणारा, आणि गाणं वाजतंय ते त्या खुर्चीवरच्या माझ्या फोनवरून. आता हात बुडवते बघा. वरवर आहे तोवर वाजतोय, थोडा खाली नेला की अडखळतोय, आणि तळाला नेला की गप्प. स्पीकरला काहीही झालेलं नाही, वर काढला की पुन्हा सुरू, ऐकलंत ना. झालं काय, तर ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात आणि पाणी त्या लहरी फार पटकन शोषतं, आपला मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा साधारण याच लहरींवर चालतो आणि म्हणूनच अन्नातलं पाणी त्यात तापतं. हवेत जो सिग्नल दहा मीटर जातो तो पाण्यात काही सेंटीमीटरमध्ये संपतो. त्यामुळे फोन काठावर आणि इअरफोन कानात, हे जमणारच नाही, ब्लूटूथचं व्हर्जन कितीही नवीन असू द्या. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये घालून कमरेला बांधला तरी नाही, कमरेपासून कानापर्यंत मध्ये पाणी आणि आपलं शरीर दोन्ही आहेत, आणि शरीरातही पाणीच जास्त. घड्याळात गाणी भरून मनगटावरून ऐकू असं खूप जणांना वाटतं, तेही तुटक तुटक येतं कारण क्रॉल मारताना हात एकदा पुढे जातो, एकदा मागे, आणि बराच वेळ पाण्याखालीच असतो. प्लेअर डोक्याच्या मागे गॉगलच्या पट्ट्यालाच अडकवला, कानापासून अगदी चार बोटांवर, तर काही प्रकार चालतात.

म्हणून खरेदीची पहिली अट, गाणी त्या वस्तूच्या आतच साठवता आली पाहिजेत. स्वतःची मेमरी. ही अट लावली की बाजारातली बहुतेक नावं आपोआप गळतात आणि निवड सोपी होते. उरतात ती अशी, शॉक्झ ओपनस्विम, त्यात 4 जीबी आहे, त्याच्या पुढच्या ओपनस्विम प्रोमध्ये 32 जीबी आणि शिवाय ब्लूटूथ, जे काठावर आणि चालताना वापरायचं, फिनिसचा ड्युओ जो गॉगलच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी चिकटतो, आणि सोनीचा वॉकमन डब्ल्यूएस 413 जो कानाच्या आत बसतो. मी कुणाची एजंट नाही, ही नावं फक्त प्रकार कळावेत म्हणून. 4 जीबी कमी वाटतं पण 128 केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिटच्या, एमपीथ्रीमध्ये चार मिनिटांचं गाणं चार एमबीच्या आतच बसतं, म्हणजे हजारेक गाणी झाली, अजून काय पाहिजे.

आता यातले दोन घराणे समजून घ्या, एक हाडातून ऐकवणारं आणि एक कानातून. हाडातून म्हणजे काय हे आत्ताच करून बघू. सगळ्यांनी कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने दाबा, दोन्ही कान बंद, आणि तोंड मिटून खालचा सा धरा. वाढला ना आवाज, आणि घुमला? बाहेरून काही आलेलं नाही, तुमच्याच कवटीच्या हाडातून आतल्या कानापर्यंत कंप गेला, आणि कान बंद असल्यामुळे खालचे सूर बाहेर निसटले नाहीत. बोन कंडक्शनचा हेडफोन हेच करतो, गालाच्या हाडावर, कानाच्या जरा पुढे, त्याची गादी थरथरते आणि कानाचं भोक मोकळं राहतं. पाण्यात तर आपण तसेही बरेचसे हाडातूनच ऐकतो, कारण हवेतल्यासारखं पडद्यामार्फत ऐकणं पाण्याखाली नीट होत नाही. या हेडफोनचा खालचा आवाज मुळात पातळ असतो, डग्ग्याचा घुमारा हवा तसा येत नाही, पण आत्ता केलेला प्रयोग आठवा, सिलिकॉनचे साधे इअरप्लग घातले की तोच हेडफोन एकदम भरीव वाजतो. काही कंपन्या डब्यात प्लग देतातसुद्धा आणि लोक ते फालतू समजून ड्रॉवरमध्ये टाकतात. नका टाकू.

घालायची पद्धत मी एकदा दाखवतेच. आधी टोपी, मग गॉगल, मग हेडफोन, आणि त्याची गादी टोपीवर नाही तर कातडीवर टेकली पाहिजे, मध्ये कापड किंवा सिलिकॉन आलं की आवाज निम्मा. गॉगलचा पट्टा गादीला ढकलतोय का ते आरशात बघा, असेल तर पट्टा अर्धा बोट वर सरकवा. मानेमागची जी कमान असते ती श्वास घ्यायला मान वळवली की काहींना टोचते, त्यासाठी कमान टोपीच्या काठाखाली खोचायची, मग हलत नाही.

कानातल्या प्रकाराचा सगळा खेळ सीलवर आहे. त्याला दोन-तीन पदरांचे सिलिकॉनचे टिप्स येतात, तुमच्या कानाला बसणारा साइज शोधण्यात एक आठवडा गेला तरी जाऊ द्या. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे भोक सरळ होतं, आणि कान कोरडा असतानाच घालायचा. आत एक थेंब जरी राहिला ना, तरी त्या बाजूचा आवाज रजईखालून आल्यासारखा होतो आणि माणूस समजतो हेडफोन बिघडला. सील नीट बसलं तर आवाजाची मजा मात्र यातच जास्त, हे मी मान्य करते, आणि तरीही आपल्याकडे बहुतेकांना मी हाडवालाच सुचवते. कारण पावसाळ्यात आपल्याकडे कानात फंगस होणं फार कॉमन आहे, दमट कानात तासभर रबर कोंबून ठेवणं त्याला आमंत्रणच. ज्यांचा कान वाहतो, पडद्याला छिद्र आहे किंवा ऑपरेशन झालंय त्यांनी तर आधी पाण्यात उतरायचं की नाही हेच कानाच्या डॉक्टरांना विचारायचं, हेडफोनचं नंतर.

मागच्या रांगेतून काकूंचा प्रश्न आलाय, ऐकू कमी येतं, मशीन लावते, तर मला यातून ऐकू येईल का. मशीन काढूनच उतरायचं काकू. कमी ऐकू येण्याचं कारण बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल तर हाडातून छान ऐकू येऊ शकतं, आतल्या कानाची नस कमजोर असेल तर फरक पडणार नाही. तुमचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, असेलच, त्यावर हवेची आणि हाडाची रेघ वेगवेगळी काढलेली असते, डॉक्टर दोन मिनिटांत सांगतील.

आता डब्यावरचा आयपी नंबर, म्हणजे वस्तू धूळ आणि पाणी किती झेलते त्याचा दर्जा. शेवटचा आकडा पाण्याचा. आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे, घामापुरतं. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स8 म्हणजे त्याच्याही पुढे, किती खोल आणि किती वेळ हे कंपनीने स्वतः लिहायचं असतं, ते शोधून वाचा. या सगळ्या टेस्ट साध्या, स्थिर पाण्यात होतात. क्लोरीन नाही, हात मारणं नाही, भिंतीला लाथ मारून सुटणं नाही. म्हणून तरणतालासाठी आठच्या खाली जाऊ नका, आणि वॉरंटीच्या कागदात स्विमिंग हा शब्द शोधा, कारण डब्यावर फोटो पोहणाऱ्याचा आणि आत बारीक अक्षरात पोहण्यासाठी नाही असं छापलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, कंपनीचं नाव सोडा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग, काय भरायचं. आपण ग्वाल्हेरचे, मला हमखास विचारतात की ताई ख्याल ऐकू येईल का पाण्यात. येईल, पण थोडी मेहनत घ्या. पाण्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असतो माहितीय, तुमच्याच बुडबुड्यांचा. नाकाने श्वास सोडला की बुडबुडे गालावरून कानाशेजारून वर जातात, आणि तेवढा वेळ बाकी सगळं झाकलं जातं. सुरुवातीचे हळुवार आलाप, तानपुरा, सगळं त्यात बुडतं, आणि माणूस व्हॉल्यूम वाढवतो, मग द्रुत आली की डोकं भणभणतं. यावर उपाय म्हणजे फाइल भरण्याआधीच तिच्यातला हळू आणि मोठा आवाज जवळ आणायचा. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कंप्रेसर म्हणून इफेक्ट आहे, तो लावा. घरी खोलीत ऐकायला ती फाइल वाईट लागेल, गाण्याचा जीव त्या चढउतारातच असतो, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, ही फक्त पाण्यासाठी. आणि खरं सांगू, आपल्या घराण्याची खुल्या आवाजाची गायकी पाण्यात जितकी टिकते तितकी बारीक, कुजबुजती गाणी टिकत नाहीत. पं. कृष्णराव शंकर पंडितांसारख्या जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी, असतात, त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका, पाण्यात डावं उजवं तसंही फारसं कळत नाही.

कीर्तन, भाषणं, पुस्तकवाचन हे मोनोमध्ये 64 केबीपीएसला केलं तरी पुरतं, मग 4 जीबीमध्ये शंभर तासांपेक्षा जास्त बसतं. एक अडचण सगळ्यांना येते, ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी यात जात नाहीत, ती फाइल कुलूपबंद असते आणि त्या ॲपमध्येच वाजते. तुमच्या जुन्या सीड्या, कॅसेटवरून उतरवलेलं, विकत घेतलेलं एमपीथ्री, हे चालतं. आणि स्क्रीन नसते, त्यामुळे फाइलच्या नावाआधी 01, 02 असे आकडे घाला आणि त्याच क्रमाने एकेक कॉपी करा, नाहीतर कथेचा शेवट आधी आणि सुरुवात नंतर.

निगा राखायची म्हणजे तीनच कामं पण रोज. बाहेर आल्यावर साध्या नळाच्या पाण्याने धुवायचं, क्लोरीन रबराला खातं. मग कोरडं करायचं, विशेषतः ते चार्जिंगचे सोनेरी ठिपके, मऊ कापडाने एकेक, ते ओले असताना चार्जर लावला की वीज त्या ओलीतून वाहते आणि ठिपक्यांवर हिरवट काळा थर धरतो, महिन्याभरात चार्जिंग बंद. सर्व्हिस सेंटरवाले मग पाणी गेलं म्हणून परत पाठवतात, पाणी आत गेलेलंच नसतं. आणि तिसरं, मे महिन्यात इथे 45 डिग्री होतं, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. बॅटरीचं आयुष्य जातंच, शिवाय तापलेली वस्तू एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दहा मिनिटं सावलीत ठेवा, मग उतरा.

व्हॉल्यूमबद्दल एक गैरसमज आहे की हाडातून ऐकलं म्हणजे कान सुरक्षित. पडदा वाचला तरी शेवटी आवाज पोचतो त्याच आतल्या कानात, त्या बारीक पेशी दोन्हीकडे एकच. जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ही मोठ्यांसाठीची मर्यादा सांगते, आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. आणि पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर जातो, हवेत 343, दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच मिळतो म्हणून शिट्टी कुठून वाजली ते कळत नाही. त्यात गाणं चालू. म्हणून लेन ठरलेली असेल, कोच किंवा लाइफगार्ड हजर असेल आणि त्याला तुम्ही गाणं ऐकताय हे माहीत असेल तरच लावा. प्रत्येक टोकाला डोकं वर काढून एकदा बघा. तिघरा धरण, नदी, तलाव, तिथे हे घरीच ठेवायचं, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. शिकणाऱ्या मुलांनाही नाही, त्यांनी स्वतःचा श्वास ऐकायला शिकायचं असतं.

आणि घेतलंत की लगेच काय करायचं ते लिहून घ्या. सीझन सुरू व्हायच्या आत घ्या, परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बघून. पहिल्याच दिवशी पूर्ण चार्ज करा, दोन फाइली भरा, कोरड्यात ऐका, मग बादलीत अर्धा तास चालू ठेवून बुडवा. बाहेर काढून पुसा, सगळी बटणं दाबून बघा, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे का बघा, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा लावा आणि चार्जिंग घेतंय का ते तपासा. यात काही गडबड दिसली तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, मुदतीत परत करा. चला, ज्यांनी आपापले हेडफोन आणलेत त्यांनी टेबलापाशी या, एकेकाचं बघू.