नोकरी सुटल्यावर व्हिसाचं काय होतं?
(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हा विषय आता नाशिकच्या घराघरात शिरलाय. गंगापूर रोडवर, इंदिरानगरात पहाटे फोन वाजतो. ‘बाबा, जॉब गेला.’ आणि इकडून पहिला प्रश्न जातो, ‘पण व्हिसा २०२७ पर्यंत आहे ना?’ सगळा घोळ इथून सुरू होतो. आज मुख्यतः अमेरिकेच्या एच-वन-बीबद्दल, म्हणजे कंपनीमार्फत कुशल परदेशी कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या कामाच्या व्हिसाबद्दल बोलू, कारण सर्वात जास्त गैरसमज त्याच्याभोवती आहेत.

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा दारापर्यंत नेणारा परवाना. आत किती दिवस राहायचं, ते आय-९४ नावाच्या नोंदीतल्या तारखेवर ठरतं. आणि एच-वन-बीचा मुक्काम कंपनीने केलेल्या अर्जाशी, म्हणजे पिटिशनशी बांधलेला असतो. नोकरी संपली की तो आधारच निघतो. मग स्टँपवर २०२७ असो की २०२८.

जानेवारी २०१७ पासून नियमाने एक सवलत मिळाली: नोकरी संपल्यापासून सलग ६० दिवसांपर्यंत किंवा आय-९४ ची तारीख, यांपैकी जे आधी येईल तोवर तिथे राहता येतं. ‘किंवा’च्या पुढचं लोक वाचत नाहीत. अमेरिकेत उतरताना पासपोर्टची मुदत कमी उरली असेल, तर अधिकारी आय-९४ पासपोर्ट संपण्याच्या दिवसापर्यंतच देऊ शकतो. मग कंपनीच्या कागदावर दोन वर्षं आणि आय-९४ वर चार महिने, असा प्रकार होतो. म्हणून मुलांना सांगा, परदेशातून परत आत शिरलात की त्याच आठवड्यात आय-९४ संकेतस्थळावरून उतरवून तारीख बघा. मुदतवाढ झाली असेल तर नवी आय-९४ मंजुरीपत्राच्या तळाशी छापलेली असते, तीही बघा.

आता मोजणी. समजा नोकरीचा शेवटचा दिवस १० मार्च. पहिला दिवस ११ मार्च, साठावा ९ मे. नोकरी संपल्याचा दिवस सहसा पगार ज्या दिवसापर्यंतचा मिळाला त्यावरून ठरतो. नोकरी संपल्यावर मिळालेली सेव्हरन्सची, म्हणजे कामावरून काढताना दिलेल्या भरपाईची रक्कम मुदत वाढवत नाही. ‘कामावर येऊ नका, पण दोन महिने पगारपत्रकावर राहाल’ असं कंपनी म्हणते, तो भाग वादाचा आहे. तिथे प्रत्यक्ष काम थांबलं त्या दिवसापासून मोजलेलं बरं. राजीनामा दिला तरी ६० दिवस मिळतात. फरक एवढाच की कंपनीने मुदतीआधी काढलं, तर कर्मचाऱ्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिने द्यायचा असतो. स्वतः सोडल्यास नाही. बायकोमुलांच्या तिकिटाची जबाबदारी तिच्यावर कधीच नसते.

या ६० दिवसांत काम करता येत नाही. आणि देश सोडला की उरलेले दिवस संपले. ‘चार दिवस घरी येऊन जा’ हा सल्ला आईने प्रेमाने दिला तरी मुलाने ऐकू नये.

मग करायचं काय? पहिला रस्ता नव्या कंपनीचा. तिला आधी कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दलची मंजुरी घ्यावी लागते, त्याला साधारण कामाचे ७ दिवस लागतात, मग पिटिशन. हे पिटिशन मुदतीत इमिग्रेशन खात्याकडे पोचलं पाहिजे, नुसतं कुरियरला देऊन भागत नाही. पोचलं की मंजुरीची वाट न बघता नव्या ठिकाणी काम सुरू करता येतं. त्यामुळे माझ्या हिशेबाने साठाव्या दिवसाला अर्थ नाही. ऑफर लेटर पस्तिसाव्या दिवसापर्यंत हातात हवं. जुन्या पगाराच्या पावत्या, सगळी मंजुरीपत्रं, पदवीचे कागद पहिल्याच आठवड्यात एका फोल्डरमध्ये घ्या. शेवटच्या पावत्या कंपनीचा लॉगिन बंद झाल्यावर मिळत नाहीत, आणि नवा वकील नेमक्या त्याच मागतो.

दुसरा रस्ता, मुदत संपण्याआधी आय-५३९ हा अर्ज भरून पर्यटक वर्गात, म्हणजे बी-टूमध्ये बदल मागणं. अर्ज वेळेत गेला तर निर्णयापर्यंत थांबता येतं. पण अडचण पुढे येते: ७५ व्या दिवशी नोकरी मिळाली, तर अर्ज पोचताच काम सुरू करण्याची सोय गेलेली असते. एच-वन-बी मंजूर होईपर्यंत घरीच बसावं लागतं.

तिसरा रस्ता घरी परतण्याचा, आणि तो वाटतो तितका वाईट नाही. एच-वन-बीवर मिळणाऱ्या सहा वर्षांपैकी उरलेला काळ सहसा शिल्लक राहतो, त्यासाठी एच-वन-बीच्या सोडतीत, म्हणजे लॉटरीत, पुन्हा उतरावं लागत नाही. मात्र सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने, देशाबाहेर असलेल्या आणि वैध एच-वन-बी व्हिसा नसलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरची अट आणली. त्यामुळे निघण्याआधी वकिलाला विचारा की ही अट त्या वेळी लागू आहे का. इथे मात्र पासपोर्टवरचा तो मुदत शिल्लक असलेला स्टँप कामाचा.

ग्रीन कार्डसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, कंपनीने केलेली आय-१४० ही पिटिशन मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने ती मागे घेतली तरी रांगेतली तारीख जात नाही आणि सहा वर्षांपुढची मुदतवाढ त्यावर मागता येते. नव्या कंपनीला प्रक्रिया मात्र पहिल्यापासून करावी लागते.

घरच्यांचं. पत्नीचा किंवा पतीचा एच-फोर, म्हणजे जोडीदाराला मिळणारा अवलंबिताचा व्हिसा, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-वन-बीवर उभा असतो, तोही त्याच दिवसांत संपतो. पण तिकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचा बी-टू मुलाच्या नोकरीवर नसतो. त्यांच्या आय-९४ ची तारीख वेगळी, ती तशीच राहते. तिकडे जन्मलेलं नातवंड अमेरिकन नागरिक असतं. त्याला नाशिकला आणायचं तर अमेरिकन पासपोर्ट आणि भारताचा व्हिसा किंवा ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचं कार्ड, लागतं. हे काम पंधराव्या दिवशी सुरू करा, पंचावन्नाव्या नव्हे. लहान मुलाच्या पासपोर्टसाठी सहसा आईवडील दोघांनी हजर राहावं लागतं.

कंपनीने दिलेला आरोग्यविमा नोकरीसोबत थांबतो. कोब्रा कायद्याखाली तो स्वखर्चाने चालू ठेवता येतो. निवडीसाठी किमान ६० दिवस मिळतात आणि निवड मागच्या तारखेपासून लागू होते. हप्ता जबर असतो, पण दरम्यान अपेंडिक्स निघालं तर मागाहूनही निवडता येतं.

इतर देश थोडक्यात. ब्रिटनमध्ये कंपनीने कामाचे १० दिवस संपण्याआत कळवायचं असतं. मग गृहखात्याचं पत्र येतं आणि सहसा ६० दिवस मिळतात, मूळ मुदत त्याआधी संपत नसेल तर. जर्मनीत नोकरी वेळेआधी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला स्वतः कळवायचं असतं. दुबईकडे सातपूर-अंबडचे बरेच फिटर, वेल्डर आहेत. तिथे व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर ‘सर्व हिशेब मिळाला’ असं लिहिलेलं असतं. पैसे हातात आल्याशिवाय सही करू नये. कायद्याने थकबाकी १४ दिवसांत द्यायची असते, आणि एक वर्ष पूर्ण झालेल्याला ग्रॅच्युइटीही: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. हिशेब मूळ पगारावर होतो, भत्त्यांसह नाही. त्यामुळे करारात मूळ पगार किती लिहिलाय ते निघण्याआधी इथेच वाचून घ्या.